पोच गेली, ऑर्डर चढली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लघुउद्योगांनी 'कागदविरहित' व्हावे, असा सल्ला आपल्या उद्योगविषयक पानावर वरचेवर असतो. मी रत्नागिरीत आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यात २२ वर्षे हिशेब लिहितो. आमच्याकडे काय झाले ते कळवतो.

मुंबईच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने सांगितले, यापुढे ऑर्डर ईडीआयनेच येईल, म्हणजे त्यांच्या संगणकातून थेट आमच्या संगणकात, ठरलेल्या मांडणीच्या संदेशाने. मालकांनी सॉफ्टवेअर घेतले, ऑर्डरी स्क्रीनवर दिसू लागल्या. त्या टॅलीत, म्हणजे आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, कशा जाणार, हे कोणी विचारले नाही. मग मी प्रिंट काढायचो आणि हाताने भरायचो. कागद वाचला तो गिऱ्हाइकाचा!

जूनमध्ये ६०० ची ऑर्डर आली. पुढे 'पीसीई' लिहिलेले, म्हणजे नग. ८५० ग्रॅमचे ६०० डबे. आमची टॅली खोकी मोजते, खोक्यात सहा डबे. मी ६०० खोकी भरली. भिवंडीच्या गोदामाने १०० उतरवून घेतली, ५०० त्याच गाडीने परत. दोन्ही भाडी आमच्या बोकांडी. ई-बीजक, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, २४ तासांतच रद्द करता येते. गाडी दारात आली तिसऱ्या दिवशी. मग बिलाची रक्कम कमी करणारी क्रेडिट नोट, आणि मालकांचे बोलणे वेगळे. चूक माझीच होती, नाकारत नाही.

पण ई-बीजकाची जोडणी आमच्याकडे आहेच की. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला ते सक्तीचे झाले, तेव्हा टॅली सरकारी पोर्टलला मुकाट जोडली. सक्ती नव्हती तिथे माझी बोटे होती.

दुसरा घोळ पोचेचा. ऑर्डर आली की सॉफ्टवेअर आपोआप पोच धाडते. तिचा अर्थ एवढाच, की संदेशाची मांडणी बरोबर आहे, तो वाचता आला. ऑर्डर वहीत चढली की नाही, हे तिला ठाऊक नसते. गणपतीत कारखाना पाच दिवस बंद होता. पोच मात्र जात राहिली आणि गिऱ्हाईक मालाची वाट बघत बसले.

आता पुण्याचा एक मुलगा मधला प्रोग्रॅम लिहितोय. आलेली ऑर्डर उलगडून टॅलीला समजणाऱ्या एक्सएमएल नावाच्या मांडणीत घालायची. ते त्याला अवघड नाही. वेळ जातोय तो तक्त्यात: गिऱ्हाइकाचा १३ आकडी बारकोड, आमचे मालाचे नाव, खोक्यात डबे किती. "काका, मोठे डबे एका खोक्यात किती?" त्याने पहिल्याच दिवशी विचारले, आणि मला गोदामात जाऊन मोजावे लागले. जुळणार नाही ती ओळ अंदाजाने न भरता बाजूला ठेवायची, ही माझी अट त्याने मान्य केली आहे.

आपल्या पानावर सॉफ्टवेअरच्या किमती छापता, तिथे एवढेही छापा: पैसे देण्याआधी विक्रेत्याला आपल्याच टॅलीत एक ऑर्डर उतरवून दाखवायला सांगा, आणि तीही अर्धवट खोक्याची. आम्ही ६०३ डब्यांची करून पाहिली. वरच्या तीन डब्यांसाठी खोके फोडायचे की नाही, यावर मालक आणि गोदामवाले अजून भांडताहेत.

आपला,
एक हिशेबनीस, रत्नागिरी