आधी सुई बदल

॥ श्री शांतादुर्गा प्रसन्न ॥

फोंडा, गोवा
श्रावणातला दुसरा सोमवार, रात्र

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की वीस हजार साठलेत, मामाचं टर्नटेबल कुणाला तरी देऊन टाकते आणि नवीन घेते. तेव्हा घरात पाहुणे बसले होते, मला धड बोलता आलं नाही. दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय, म्हणून आज जेवण उरकून लिहायला बसलो. टर्नटेबल देऊ नकोस. त्याची सुई बदल.

मामा तारवटी. बोटीवरून सुट्टीवर येताना त्याने ते आणलं, तेव्हा त्याची मोटर तिकडच्या ६० सायकलच्या विजेसाठी होती. आपल्याकडे वीज ५० सायकलची, त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेरे मारायचे ते २८ च्या आत रेंगाळायचं. आजी म्हणायची, बुवांचा घसा बसलाय का रे आज? शेवटी इथल्याच एका लेथवाल्याने मोटरची पितळी पुली मापाने कातून दिली, आणि तेव्हापासून ते बरोबर फिरतंय. तेवढं जड प्लॅटर, म्हणजे तबकडीखालची फिरती थाळी, आणि तेवढं नेटकं बेअरिंग आज वीस हजारांत मिळणं कठीण. पट्टा मात्र सैल झाला असेल. रबर वर्षानुवर्षं टिकत नाही. नवीन पट्टा घाल आणि वेग तपास. पार्सलमध्ये रेघांची एक कागदी चकती ठेवलीय. ती प्लॅटरवर ठेव आणि साध्या पिवळ्या बल्बखाली बघ. ३३ च्या कड्यावर १८० रेघा आहेत. वेग बरोबर असेल तर त्या जागच्या जागी उभ्या दिसतात, नाहीतर पुढे किंवा मागे सरकतात. एलईडीच्या उजेडात हे दिसेलच असं नाही.

आता सुईचं. हे मी तुला आजवर नीट सांगितलं नव्हतं.

तुझ्या जन्माआधीची गोष्ट. दिवाळीचा बोनस हातात आला आणि मी मोठे स्पीकर घेतले. पुढच्या वर्षी अ‍ॅम्प्लिफायर. सुई मात्र मामाने आणली तेव्हापासून तीच होती. ती दिसायला चांगली दिसायची, म्हणून कधी मनात आलं नाही. वर आजीच्या तबकड्या झिजू नयेत म्हणून मी सुई धरणाऱ्या आर्मचा भार मुद्दाम कमी ठेवला होता, दोन ग्रॅमच्या जागी सव्वा. मला वाटायचं हलका हात म्हणजे काळजी. प्रत्यक्षात हलकी सुई मोठ्या आवाजाच्या जागी खाचेच्या भिंतींना धरून राहत नाही. ती उडते आणि परत आपटते. त्यात टोक झिजून धारदार झालेलं. म्हणजे प्रत्येक वेळी लावलं की मी ती तबकडी थोडी थोडी खरवडत होतो.

ती तबकडी अभिषेकीबुवांची होती, नाट्यपदांची. आजीचं माहेर मंगेशी, बुवाही मंगेशीचे, म्हणून ती तिची फार लाडकी. दुसऱ्या बाजूचं शेवटचं पद ती संध्याकाळी दिवा लावून झाला की लावायला सांगायची. शेवटच्या पदाचंच नुकसान सगळ्यात जास्त होतं, हेही मला नंतर कळलं. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला पन्नासेक सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलापाशी जेमतेम वीस-बावीस. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीने कोरलेला असतो, आणि बोथट सुईला ती वळणं झेपत नाहीत. एका संध्याकाळी तान वर गेली आणि आवाज फाटला. चर्रर्र. आजीने काही म्हटलं नाही, फक्त कान जरा पुढे केला. मी नवीन सुई आणली, भार वाढवला, सगळं केलं. पण खाच एकदा तुटली की तुटली. ते पद त्यानंतर मी तिच्यासमोर कधी लावलं नाही आणि तिनेही कधी मागितलं नाही.

म्हणून पहिला खर्च सुईवर. स्पीकर चार वर्षांनी घेतलेस तरी चालेल, तोवर तुझ्या तबकड्यांचं काही बिघडत नाही. तुझ्या कपाटात आजीच्या ज्या एलपी आहेत त्यांतल्या निम्म्या बाजारात परत मिळायच्या नाहीत.

माझ्या मते ऑडिओ-टेक्निका कंपनीची व्हीएम९५ई कार्ट्रिज घे, म्हणजे सुई आणि ती धरणारा छोटा ठोकळा. हिची सुई लंबगोल टोकाची. तुझ्या वीस हजारांतला तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पैसा जाईल. ती निवडायचं कारण असं की तिची सुई बोटांनी ओढून निघते आणि त्याच अंगावर त्याच मालिकेतली दुसरी सुई बसते. पुढे पैसे आले की मायक्रोलिनिअर, म्हणजे आणखी बारीक घडवलेल्या टोकाची बसव, बाकी काही बदलावं लागणार नाही. आजोबांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जाड लाखेच्या तबकड्यांसाठीही वेगळी सुई मिळते, कारण त्यांची खाच रुंद असते. एलपीची सुई त्यात तळाशी घासत जाते. त्या तबकड्या पुसताना स्पिरिट लावू नकोस, लाख विरघळते. कंपनीच्याच हिशोबाने लंबगोल टोक ३०० तास चालतं, मायक्रोलिनिअर १००० तास. तू रोज तासभर ऐकतेस म्हणजे लंबगोलाची वर्षाच्या आतच मुदत. कॅलेंडरवर तारीख लिहून ठेव, डोळ्यांना झीज दिसत नाही.

बसवायला कुणाला बोलावू नकोस, तू स्वतः बसव. आर्मच्या टोकाचं हेडशेल, ज्याला कार्ट्रिज स्क्रूने बसते, ते काढ, टेबलावर पांढरा टॉवेल अंथर म्हणजे खाली पडलेला स्क्रू सापडतो. चार बारीक वायर असतात: पांढरी, निळी, लाल, हिरवी. पांढरी-निळी डाव्या कानाची, लाल-हिरवी उजव्या. त्यांच्या टोकांच्या नळ्या कानातल्याच्या फिरकीएवढ्या असतात. चिमट्याने नळी धर, वायर ओढू नकोस, तुटते. सुईवरचं झाकण स्क्रू आवळून होईपर्यंत काढायचं नाही. मग ते काढून वजन: आर्म हवेत आडवा तरंगेल इतपत मागचा गोळा फिरव, आकड्याची कडी शून्यावर आण आणि मग गोळा दोनपर्यंत फिरव. पार्सलमधल्या छोट्या काट्यावर खात्री कर, २ ग्रॅमच यायला हवं. माझ्यासारखी दया दाखवू नकोस. अँटीस्केटिंगही, म्हणजे आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेलं बटण, दोनवर. सुई खाचेत सरळ बसतेय का ते बघायचा कागद मी फोंड्यात छापून घेतलाय, पट्टीने मोजून, लहानमोठा झालेला नाही.

तुझ्या छोट्या स्पीकरना फोनोची, म्हणजे टर्नटेबल थेट जोडायची, जागा नाही, म्हणून फोनोची वेगळी डबी लागेल. सुईतून येतात जेमतेम चार मिलिव्होल्ट, आणि तबकडी कोरतानाच खर्जाचे सूर दाबलेले आणि वरचे सूर वाढवलेले असतात. १९५४ मध्ये त्याचं एकच माप ठरलं आणि पुढे सगळ्यांनी तेच धरलं. डबी ते उलटं करून देते. साधी घे. तिच्या अर्थच्या स्क्रूला टर्नटेबलची सुटी वायर लाव, नाहीतर घूं आवाज येत राहील. स्पीकर त्याच टेबलावर ठेवू नकोस. टर्नटेबलखाली मार्बलवाल्याकडचा कडाप्प्याचा तुकडा ठेव, तो बहुतेक फुकटच देतो. पाणसळ लावून सपाट कर. उरलेले पैसे ठेवून दे.

परवा केरीच्या रस्त्याने येताना त्या गावच्या गायिका केसरबाई केरकर आठवल्या. १९७७ साली नासाने व्हॉयेजर नावाच्या दोन अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, त्यात त्यांची भैरवी आहे, तुला ठाऊकच आहे. पण त्या तबकडीबरोबर कार्ट्रिज आणि सुईही बांधून पाठवली होती. तिथे तबकडी वाजवायला दुसरं काय मिळणार होतं? दुसरं यान सुटलं त्याच महिन्यात केसरबाई गेल्या. त्या आवाजासाठी कुणीतरी सुईचा विचार केला होता, हे मला फार बरं वाटतं.

आई विचारतेय की चवथीला किती दिवस येणार. गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला तू हवीस, माझ्या गुडघ्यांना बाजाराची चढण होत नाही आता. निघण्याआधी तुझ्या तबकड्या कपाटात उभ्या लावून ये. कागदी वेष्टनांना ओल धरली असेल तर बदल, बुरशी आधी तिथूनच चढते.

पार्सल पुण्याच्या बसने उद्या रात्री निघेल. त्यात प्लायवूडच्या दोन तुकड्यांमध्ये बांधलेली एक तबकडी आहे. आजीची, तीच. नवीन सुईचं टोक जुन्यापेक्षा वेगळ्या जागी भिंतीला टेकतं, तिथे कदाचित काही शाबूत राहिलं असेल. सगळं नीट बसवून झालं, भार दोन ग्रॅमवर आला, की दुसरी बाजू शेवटापर्यंत एकदा लाव. मला फोनवर ऐकवू नकोस. तान वर जाते तिथे आवाज अजून फाटतो का, एवढं फक्त कळव.

तुझा,
बाबा