खेळण्यातला गल्ला भंगारात देऊ नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची झाडझूड निघाली की आमच्या भागातील जुन्या मालगुजारी वाड्यांच्या माळ्यांवरून पितळी भांडी जपून उतरवली जातात, पत्र्याची खेळणी मात्र किलोच्या भावाने भंगारवाल्याकडे जातात. त्यांत बटण दाबताच घंटी वाजून खण उघडणारा छोटा गल्ला, म्हणजे खेळण्यातले कॅश रजिस्टर असल्यास ते देऊ नये, अशी माझी विनंती आहे. असे गल्ले मी जमवतो, त्यामुळे यात थोडा स्वार्थही आहेच.

मूळ यंत्र अमेरिकेतील डेटन येथील मद्यालयाचे मालक जेम्स रिटी यांचे. नोकर पैसे खिशात घालतात म्हणून ते त्रासले होते; जहाजाच्या पंख्याचे फेरे मोजणारे यंत्र पाहून त्यांना कल्पना सुचली आणि १८७९ मध्ये त्यांनी भावासह पेटंट घेतले. पुढे याच यंत्राची खेळणी निघाली. त्यांतला ‘अंकल सॅम’ हा बचतीचा गल्ला मला सर्वांत हुशार वाटतो. पाच, दहा किंवा पंचवीस सेंटचे नाणे टाकून दांडा ओढला की बेरीज आपोआप पुढे सरकते आणि दहा डॉलर भरल्याशिवाय खण उघडत नाही. आपले जुने चौकोनी पाच पैसे किंवा कंगोऱ्यांचे दहा पैसे तिथे अर्थातच चालणार नाहीत.

अशा मोजणी-यंत्रात एककाचे चाक नवावरून शून्यावर येताना त्याचा एक दाता दशकाच्या चाकाला एक घर पुढे ढकलतो. चौथीतल्या मुलाला फळ्यावर न कळलेला हातचा इथे डोळ्यांसमोर सरकताना दिसतो. म्हणूनच तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलच्या ज्वालामुखीशेजारी एका बाजूने उघडा ठेवलेला असा गल्लाही मांडावा, असे शिक्षकांना सुचवावेसे वाटते.

मात्र तो उघडताना घाई नको. पत्र्याचे भाग बहुधा खाचेतून काढून वाकवलेल्या जिभल्यांनी जोडलेले असतात आणि त्या पुन्हा पुन्हा वाकवल्यास तुटतात. वरून नवा रंग देणे तर टाळावेच, कारण छापील पत्र्याची मूळ नक्षी एकदा झाकली गेली की संग्राहकाच्या लेखी गल्ल्याचे मोल उतरते. आत नाणे अडकले असल्यास सुरीने उचकटू नये. गल्ला उलटा धरून हलकेच हलवावा.

आपला,
एक वाचक
ता. पवनी, जि. भंडारा