साहेब, मशीन नकोत, व्यायाम बघणारा फिजिओ द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार, बार्शीहून लिहितेय. दीड वर्षापूर्वी दादा बाईकवरून पडला, हेल्मेट हँडलला लटकवलेलं होतं. ऑपरेशन सरकारी योजनेत झालं त्याबद्दल खरंच आभार, पण डिस्चार्ज मिळाला आणि खरी लढाई घरी आल्यावर सुरू झाली. डावी बाजू गेलेली, फिजिओ मॅडम सोलापूरला, म्हणजे 70 किलोमीटर गाडी करून जायचं, आणि मेंदूला तर तीच हालचाल रोज शेकडो वेळा करून दाखवावी लागते, आठवड्यातला अर्धा तास काय पुरणार?

मग मॅडमनी फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. स्टुलावर डाळीच्या डब्याला टेकवून फोन ठेवायचा, कॅमेरा खांदा-कोपर-मनगट ओळखतो, अंगावर रेघा उमटतात, हात वर गेला की फुगा फुटतो. वहिनीने "अजून पाच" म्हटलं की दादा ताट भिरकावायचा (डोक्याच्या मारानंतर चिडचिड एवढी वाढते हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं), फोनवर मात्र चिडत नाही. एकदा आजी मधून गेली तर फुगा तिच्याच हाताने फुटला.

तीन आठवड्यांत स्कोर दुप्पट, आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. मॅडमनी व्हिडिओ बघितला आणि म्हणाल्या, अहो हात कुठे वर जातोय, हा कंबरेतून उजवीकडे झुकून खांदा उचलतोय! ॲप फक्त मनगट किती वर गेलं तेवढंच बघत होतं, धड किती कललं ते नाही. म्हणजे तीन आठवडे आम्ही चुकीचीच सवय घोटून घेतली. त्यांनी सेटिंग बदललं, स्कोर धाडकन पडला, दादा दोन दिवस कोणाशी बोलला नाही, मग हळूहळू कोपर सुटायला लागलं.

म्हणून विनंती, यासाठी मशीनचं टेंडर काढू नका. अंगाची हालचाल ओळखणारा गेमचा तो किनेक्ट कॅमेरा 2010 ला आला, बाहेरच्या देशांत फिजिओंनीही व्यायामासाठी वापरून बघितला, 2017 ला कंपनीने बनवणंच बंद केलं. आता साध्या फोनवर बऱ्यापैकी भागतं. कमी आहे ती बघणाऱ्या माणसाची. ई-संजीवनीवर डॉक्टर घरबसल्या भेटतात ना, तसंच उपजिल्हा रुग्णालयात फिजिओला आठवड्याचे काही तास फक्त घरच्या पेशंटचे व्यायाम बघायला द्या, जिथे पद नाही किंवा रिकामं आहे तिथे आधी ते भरा, आणि त्यांचा नंबर डिस्चार्ज कार्डावरच लिहून द्या. ज्यांच्याकडे धड फोन नाही त्यांना टॅब वापरायला द्या, संस्था वॉकर आणि वॉटर बेड देतात तसा, काम झालं की परत.

आणि एक, बाई पेशंट असली तर घरातला व्हिडिओ पाठवायला घरचे तयार होत नाहीत. तेव्हा चेहरा नकोच, नुसत्या रेघांची आकृती पाठवायची सोय करा, झुकलेलं त्यातही दिसतं.

कळावे,
एक बहीण, बार्शी