सातबारा आधी, पोर्टल नंतर

सिंगापूर
१२ जानेवारी २०२६

आदरणीय चाचा,

अस्सलामु अलैकुम.

तुमचं पत्र आणि कागदांचे फोटो मिळाले. मशिदीची मिळकत वक्फ, म्हणजे धर्मकार्यासाठी कायमच्या सोडलेल्या, मिळकतींच्या सरकारी पोर्टलवर कशी नोंदवायची, असं विचारलंत. मशिदीचा कारभार तुमच्याकडे आला, म्हणजे मुतवल्ली (मिळकतीचा व्यवस्थापक) म्हणून सही तुमची आणि जाबही तुम्हालाच विचारला जाणार. म्हणून जरा लांबण लावतो. धाकट्याला शेजारी बसवून वाचा, त्याच्याकडून पेन्सिलीने खुणा करून घ्या.

तुमच्याकडे एकाच मिळकतीचे तीन कागद आहेत आणि तिन्ही वेगळं बोलतात. धर्मादाय कार्यालयाच्या पी.टी.आर. (सार्वजनिक विश्वस्त नोंदवही) उताऱ्यावर ट्रस्टचं नाव, सातबाऱ्यावर मागच्या मुतवल्लींचं आणि सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर नुसतं ‘मशीद’. असं होण्याला कारण आहे. आपलं नाशिक तेव्हा मुंबई राज्यात होतं, त्यामुळे १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली आपल्या संस्था धर्मादाय कार्यालयात नोंदल्या गेल्या. मुसलमानांच्या ट्रस्टना तिथे ‘बी’ने सुरू होणारा क्रमांक मिळाला. आजचं राज्य वक्फ मंडळ २००२ साली उभं राहिलं, त्याचं मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरात पाणचक्कीला. म्हणून आपल्याकडच्या संस्थांच्या फायली दोन दारी सापडतात.

पहिलं काम, पी.टी.आर.च्या उताऱ्यात निर्मिती आणि हेतू या रकान्यांत काय लिहिलंय ते पाहा. मुसलमानांनी काढलेला प्रत्येक ट्रस्ट वक्फ नसतो. सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच प्रकरणात ऑक्टोबर २०२२मध्ये ते सांगितलं, आणि वक्फ कायद्याच्या २०२५च्या दुरुस्तीत त्यासाठी कलम २अ घातलं. मिळकत अल्लाहच्या नावाने कायमची सोडलेली असेल, तिचा वक्फनामा, सनद किंवा मशिदीच्या इनामाची जुनी नोंद असेल, तर ती वक्फ. चार जणांनी वर्गणी काढून चालवलेली शिष्यवृत्तीची संस्था वेगळी. ‘दोन्हीकडे नोंदवून टाकू, बघू पुढे’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. दोन्हीकडे हिशेब द्यायची वेळ येते आणि भाडेकरूच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो.

आता सातबारा. खरं दुखणं इथेच आहे. भोगवटादाराच्या जागी संस्थेचं नाव हवं, मुतवल्लीचं फक्त वहिवाटदार म्हणून. मागच्या मुतवल्लींचं नाव मालकासारखं लागलंय. ते वारले की वारस नोंद, मग वाटणीचा फेरफार, मग एखादा हिस्सा विक्रीला. यात चोरी करावीच लागते असं नाही, तलाठ्याच्या नेहमीच्या कामातच जमीन निघून जाते. इथे सिंगापुरात १९६६च्या कायद्याने सगळ्या वक्फ मिळकती मुस्लिम परिषदेच्या, म्हणजे मुईसच्या, नावावर आहेत. मुतवल्लीच्या वारसांना नाव लावायला जागाच नाही. आपल्याकडे मिळकत संस्थेची राहते आणि मंडळ देखरेख करतं, म्हणून पहारा आपणच द्यायचा.

तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुन्या फेरफारांच्या आणि गाव नमुना ३च्या नकला काढा. नमुना ३ म्हणजे इनाम जमिनींची नोंदवही, त्यात मशिदीचं नाव सापडलं तर अर्धी लढाई जिंकली. वारस नोंदीची नोटीस निघाली असेल तर पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नोंद मंजूर झाली असेल तर साठ दिवसांत प्रांतांकडे अपील. महसूल संहितेच्या कलम १५५चा अर्ज फक्त लेखनातल्या चुकीसाठी असतो. मालकी बदलायला तो केला तर तहसीलदार फेटाळतील आणि तोवर अपिलाचे दिवस उलटतील.

शेतीवर कूळ आहे असं लिहिलंय. १ एप्रिल १९५७च्या कृषकदिनाला कुळं मालक झाली, पण धार्मिक संस्थेकडे कूळकायद्याच्या कलम ८८ब खालचं कलेक्टरांचं प्रमाणपत्र असेल तर त्या जमिनीला ते लागू होत नाही. ते प्रमाणपत्र शोधा. जुन्या कपाटात बहुधा पावत्यांच्या गठ्ठ्यात असेल.

क्षेत्र लिहिताना फार जपा. जुन्या कागदावर ‘२ एकर १० गुंठे’ आहे. ते पोर्टलवर २.१० एकर म्हणून भरलं तर ८४ गुंठे होतात, आणि प्रत्यक्षात आहेत ९०. सहा गुंठे, म्हणजे सुमारे ६०७ चौरस मीटर, तुम्हीच सही करून सोडून दिलेत. बरोबर आकडा सुमारे ९१.०५ आर. तो सातबाऱ्याशी जुळला नाही तर आधी मोजणी, मग पोर्टल.

पोर्टलचं म्हणाल तर ‘उमीद’ जून २०२५मध्ये सुरू झालं, सहा महिन्यांची मुदत डिसेंबरात संपली. सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ दिली नाही, वक्फ न्यायाधिकरणाकडे जायला सांगितलं. सबळ कारण दाखवलं तर तिथे आणखी सहा महिन्यांपर्यंत मिळू शकतात. उतारे मागितल्याच्या तारखेच्या पोचपावत्या हेच तुमचं सबळ कारण. चौकात ‘कोर्टाने कायदा थांबवला’ म्हणतात ते अर्धवट आहे. १५ सप्टेंबर २०२५च्या अंतरिम आदेशाने काही तरतुदी थांबल्या, नोंदणी थांबलेली नाही. माहिती मुतवल्लीने भरायची, मग ती तपासणाऱ्याकडे आणि शेवटी मंजुरी देणाऱ्याकडे जाते. चतुःसीमा, ताबा कोणाचा, वार्षिक उत्पन्न, कर, चालू दावे, सगळं विचारतात. दावा लपवू नका.

अतिक्रमणाबाबत एक बदल कुणी नीट सांगत नाही. पूर्वी वक्फ जमिनीचा ताबा परत मागायला मुदतीचं बंधन नव्हतं. ते कलम १०७ आता बदललंय आणि साधा मुदतीचा कायदा लागू आहे. बारा वर्षं गप्प बसलात तर समोरचा मालकी सांगेल. मागच्या भिंतीला टेकून टाकलेल्या पत्र्यांबद्दल मंडळाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे आजच अर्ज द्या. शेजाऱ्याशी गोड बोलणं चालू ठेवा, पण कागद जाऊ द्या.

गाळ्यांचं भाडं तोंडी वाढवू नका, पागडी तर अजिबात घेऊ नका. एक वर्ष किंवा त्याहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा मंडळाच्या पूर्वमंजुरीशिवाय रद्दबातल, आणि मंजुरी असली तरी तीस वर्षांपुढे नाही. शेतजमीन तीन वर्षांहून जास्त देता येत नाही. विक्री, बक्षीस, गहाण यांचा विचारही नको.

हिशेबाच्या तारखा कॅलेंडरवर लिहा. अंदाजपत्रक आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या तीस दिवस आधी, म्हणजे फेब्रुवारीतच. मार्चअखेरचा हिशेब १ जुलैच्या आत. निव्वळ उत्पन्न लाखावर गेलं की लेखापरीक्षण. पाच हजारांपासून पुढे मंडळाचा वार्षिक हिस्सा लागतो. तो पूर्वी सात टक्क्यांपर्यंत होता, आता कमाल पाच. मूळ निधीसाठी म्हणून दिलेली देणगी उत्पन्नात धरत नाहीत, तिच्यावरचं व्याज धरतात. पण पावतीवर ‘मूळ निधी’ असे शब्द हवेत, नाहीतर ती सगळी उत्पन्नात जाते. तुमच्या पावती पुस्तकात तो रकानाच नाही. नवीन पुस्तक छापून घ्या, शंभर पानांचं, दुहेरी प्रत, क्रमांक छापील.

नमुना ३ची नक्कल मिळाली की फोटो पाठवा, पानाच्या चारही कडा दिसतील असा. चाचींना सलाम, लहानांना दुआ.

तुमचा पुतण्या