वडिलांच्या शेवटच्या दिवसांत धावून आलेल्या सर्वांचे आभार

आमचे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतले. बेळगावला भरती झाले, 1971 च्या लढाईत होते. त्याबद्दल फारसं बोलत नसत. बोलत ते घराबद्दल. रजा संपून निघताना आई काळ्या ट्रंकेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरून द्यायची. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर होता. निवृत्तीनंतर तीच ट्रंक आम्हा भावंडांच्या पुस्तकांची झाली. शाळेचे आमचे बूट रोज रात्री तेच पॉलिश करायचे, आईला हात लावू देत नसत. सोलापूरच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, नातवंडांना खांद्यावर घेऊन मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या, नंदीध्वज, दाखवायचे, अगदी गुडघे दुखत असतानाही.

मध्यरात्री रक्त लागलं तेव्हा निरोप ऐकून आलेली ती कॉलेजची पोरं कोण होती, आम्हाला अजून ठाऊक नाही. रक्त देऊन, चहाही न घेता गेली. सात रस्ता चौकापासून दवाखान्यात आणणाऱ्या रिक्षावाल्या दादांनी भाडं घेतलं नाही, वर स्ट्रेचरला हात लावला. रात्रपाळीच्या सिस्टर त्यांना 'साहेब' म्हणायच्या. त्यानं ते किती सुखावायचे! आणि अंत्ययात्रेत बेरे (लष्करी टोपी) घालून उभे राहिलेले माजी सैनिक, तुमच्या कडक सॅल्यूटनं आईला केवढा धीर आला.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. नावं कळली नाहीत, पण घर तुमचंच आहे. कधीही या, आईला तुम्हाला भेटायचंय.