तिघांत एक संगणक

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तिघांच्या संघाला एकच संगणक का देतात, एवढ्या मोठ्या स्पर्धेत यंत्रांची टंचाई आहे का, असे बाबांनी फोनवर विचारले होते. त्याचे उत्तर घाईत देण्यासारखे नव्हते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आम्ही उतरलो त्या स्पर्धेचे नाव इंटरनॅशनल कॉलेजिएट प्रोग्रॅमिंग कॉन्टेस्ट, म्हणजे आयसीपीसी. तिची मुळे १९७० साली अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात झालेल्या स्पर्धेत आहेत, आणि १९७७ मध्ये तिची पहिली अंतिम फेरी झाली. आता जगभरातील विद्यापीठांचे संघ आधी आपापल्या विभागात खेळतात आणि त्यांतले मोजकेच अंतिम फेरीला जातात. आमची फेरी विभागीय होती. वेळ पाच तास, प्रश्न दहाच्या आसपास, इंटरनेट अजिबात नाही.

बाबा, ही टंचाई मुद्दाम केलेली आहे. तीन संगणक दिले असते तर तिघे आपापला प्रश्न घेऊन बसले असते आणि संघ नावापुरता उरला असता. कीबोर्ड एकच असल्यामुळे एक जण लिहीत असताना उरलेल्या दोघांना कागदावरच विचार करावा लागतो, आणि ज्याचा विचार अजून पक्का झालेला नाही त्याला खुर्ची सोडावीच लागते.

एक प्रश्न थोडक्यात सांगते. दोन लाख आकड्यांची रांग दिली आहे. मोठा आकडा आधी आणि लहान नंतर, अशा जोड्या किती ते मोजायचे. प्रत्येक जोडी तपासत गेले तर जवळजवळ दोन हजार कोटी तुलना होतात, आणि प्रोग्रॅमला मुभा असते दोनेक सेकंदांची. तेवढ्यात ते काम होणे शक्य नाही. त्याऐवजी रांगेचे पुन्हापुन्हा दोन भाग करत जायचे आणि ते क्रमाने लावून जोडताना मोजणी करायची, म्हणजे तेच काम सुमारे छत्तीस लाख पायऱ्यांत उरकते. एवढे आमच्या जोडीदाराने कागदावर पटकन मांडले. पण त्याच्या कोडची छापील प्रत वाचताना दुसरीने एका ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढली: उत्तर साठवायला त्याने जो साधा पूर्णांक, म्हणजे संख्येसाठीची ठरावीक मापाची जागा, घेतला होता त्यात २१४ कोटींच्या थोडे पुढेपर्यंतच मावते, आणि इथे उत्तर दोन हजार कोटींच्या घरात जाऊ शकत होते. नमुन्यादाखल दिलेली उदाहरणे छोटी असल्याने ती बिनचूक सुटत होती. परीक्षकांच्या गुप्त चाचण्यांत मात्र तो प्रोग्रॅम नक्की आपटला असता. एक शब्द बदलून आम्ही तो पाठवला आणि तो पहिल्याच फटक्यात स्वीकारला गेला.

पहिल्या फटक्याला एवढे महत्त्व का, तर गुणांची पद्धतच तशी आहे. ज्याचे प्रश्न जास्त सुटले तो वर. बरोबरी झाली तर ज्याचा एकूण वेळ कमी तो वर. हा वेळ प्रत्येक सुटलेल्या प्रश्नासाठी स्पर्धेच्या सुरुवातीपासून मोजतात आणि त्या प्रश्नावर आधी पाठवलेल्या प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे वीस मिनिटे वाढवतात. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला सुटलेला प्रश्न दोन चुकांनंतर सुटला असेल तर हिशेबात तो सत्त्याऐंशी मिनिटांचा होतो. न सुटलेल्या प्रश्नावरच्या चुका धरत नाहीत, त्यामुळे अखेरच्या मिनिटांत सगळेच संघ थोडे बेफिकीर होतात.

आई, फोटोतले फुगे वाढदिवसाचे नव्हेत. प्रत्येक प्रश्नाला एक रंग ठरलेला असतो आणि तो सुटला की त्या रंगाचा फुगा टेबलाला आणून बांधतात. शेवटच्या तासात गुणफलक गोठवतात, म्हणजे इतरांच्या नव्या उत्तरांचा निकाल त्यावर दिसत नाही. हा तास मला सगळ्यांत अवघड वाटला, कारण हातात अर्धवट सुटलेले दोन प्रश्न असताना कीबोर्ड कोणाला द्यायचा हे आपल्याच बुद्धीने ठरवावे लागते. आम्ही तो अशा प्रश्नाला दिला ज्याची रीत कागदावर पूर्ण झाली होती, जरी दुसरा प्रश्न अधिक मोहात पाडणारा होता.

याचा नोकरीत उपयोग काय, असे तू विचारशीलच. इथे लिहिलेला प्रोग्रॅम पाच तासांनंतर कोणी उघडूनही पाहत नाही. वर्षानुवर्षे चालणारे आणि दहा जणांनी सांभाळायचे काम कसे लिहावे हे ही स्पर्धा शिकवत नाही, आणि तसा दावा करणाऱ्यांचे मला पटत नाही. मात्र दुसऱ्याचे लिखाण संशयाने वाचायची आणि आपले तसे वाचू द्यायची सवय मला दुसरीकडे कुठे इतकी लागली नसती.

अंतिम फेरी आमच्या वाट्याला आली नाही; आम्ही गुणफलकाच्या मध्यावर कुठेतरी थांबलो. पुढच्या हंगामात पुन्हा उतरायचा विचार आहे, पण जोडीदाराची पदवी पूर्ण होत असल्याने त्याच्या जागी कोणीतरी शोधावे लागेल. आलेख (म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची जाळी) आणि भूमिती या दोन्ही विषयांत आम्ही उरलेल्या दोघी कच्च्या असल्यामुळे त्यांतला जाणकार मिळाला तर बरे.

तुमची लेक