बर्नआउट फक्त आयटीवाल्यांनाच?

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ‘बर्नआउट’वरचा, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्यावरचा, लेख वाचला. बेंगळूर-पुण्याच्या आयटी कंपन्यांत राबणाऱ्या मुलामुलींचे हाल त्यात नीट मांडले आहेत. पण हा त्रास जणू त्यांच्याच वाट्याचा, असा वाचकांचा समज होईल. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी आयुष्यभर इंग्रजी शिकवले, म्हणून या शब्दाबद्दल चार ओळी लिहितो.

‘बर्न’ला पुढे काय जोडले यावर अर्थ फिरतो, हे मुलांना फळ्यावर उदाहरणे लिहून समजवावे लागे. घर जळून जमीनदोस्त झाले की ‘बर्न डाउन’. उल्का वातावरणात जळून तिचे काहीच उरले नाही की ‘बर्न अप’. आणि जळण संपल्यामुळे आग आपोआप विझली की ‘बर्न आउट’. तिच्यावर कोणी पाणी ओतलेले नसते. रॉकेटचे इंधन संपते त्या क्षणालाही हाच शब्द, बल्ब उडाला तरी हाच.

माणसांच्या बाबतीत तो रूढ झाला न्यूयॉर्कमधून. तिथल्या एका मोफत दवाखान्यात व्यसनात सापडलेली तरुण मुले उपचाराला येत. नशेने पार खंगलेल्याला त्या काळी ‘बर्न्ट आउट’ म्हणत. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ दिवसभर आपला व्यवसाय सांभाळून रात्री तिथे सेवा करीत. झपाटून कामाला लागलेले स्वयंसेवक काही महिन्यांत थकतात, चिडतात, रुग्णांशी तुटक वागू लागतात, हे त्यांनी पाहिले. स्वतःवरही ती वेळ आली. १९७४ साली त्यांनी त्यावर निबंध लिहिला आणि हाच शब्द वापरला. म्हणजे पगाराच्या मोठ्या आकड्यामागे धावणारे नव्हे, दुसऱ्याच्या दुखण्याला धावून जाणारे लोक त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

असे एक माणूस माझ्या घरात आहे. माझी सून आशा कार्यकर्ती आहे. हजारेक वस्तीमागे एक आशा, असा हिशेब २००५ पासून चालत आला आहे. पण आमच्याकडची वस्ती जंगलाच्या कडेने विखुरलेली, त्यात जून-जुलैचा पाऊस. एखादीच्या कळा सुरू झाल्या की मध्यरात्रीही फोन हिलाच, आणि १०८ येईपर्यंत उशाशी बसायचे तेही हिनेच. चौकशी सगळी मराठीत, नोंदवहीतली नोंद मात्र कानडीत. तिचे शिक्षण मराठीतून झालेले. जेवणानंतर एकेक रकाना जुळवत बसते. पूर्वी कुणाच्या बाळाचे वजन वाढले की घरात शिरता शिरता सांगायची. हल्ली फोन वाजला की नुसती त्याच्याकडे बघत राहते, मग उचलते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणे नोंदवली : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामापासून मन उडणे, हातून काम नीट होत नाही असे वाटणे. हा आजार नव्हे, कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती आहे, असेही तिने स्पष्ट केले. आपल्या लेखातले उपाय मात्र सगळे थकलेल्या माणसानेच करायचे आहेत : प्राणायाम, लवकर झोप, मोबाइल दूर. मोबाइल दूर ठेवला तर अडलेल्या बाईने फोन कुणाला करायचा?

मलप्रभेकाठी उन्हाळ्यात शेतीच्या मोटारी जळतात. व्होल्टेज पडते, पाणी मात्र तेवढेच चढवायचे असते. मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि वायंडिंग जळाल्याचा वास सुटतो. ती उघडताना कारागीर पहिला प्रश्न व्होल्टेजचाच विचारतो. सुनेसारख्या बायकांबाबत तो प्रश्न आरोग्य खात्याला विचारला गेला पाहिजे. रात्रीचे फोन आळीपाळीने घेता येतील का? मराठी गावांतल्या नोंदी मराठीतही चालतील का? मानधन ठरल्या तारखेला हातात पडेल का?

पुढच्या पुरवणीत आशा, अंगणवाडी सेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर यांच्यावर लेख यावा, ही विनंती. आपला वार्ताहर आला तर आमच्या भागातल्या आशा मोकळेपणी बोलतील. फक्त लसीकरणाचा दिवस टाळावा.

— एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, ता. खानापूर, जि. बेळगाव